फोनवर धाप कशी मोजायची?

खानदेशात भरताचं वांगं गॅसवर भाजलं, तर घरातलं जुनं माणूस पहिल्याच घासाला ओळखतं. वांगं भाजावं तुराट्यांच्या नाहीतर पऱ्हाट्यांच्या जाळावर, तेही थंडीत आणि शेतात. मुक्ताईनगर, रावेर, यावल या पट्ट्यात हिवाळा म्हणजे भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा हंगाम. मोकळ्या रानातल्या त्या धुरानं कुणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चार भिंतींच्या आत. कापूस वेचून संपला की उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे लागतो आणि पुढे कित्येक महिने तो चुलीत जात राहतो. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून त्या चुलीपुढे बसलेल्या बाईनं आयुष्यात एकही विडी ओढलेली नसते. तरी साठीला पोचेपर्यंत तिची छाती अट्टल विडीवाल्यासारखी वाजायला लागते.

डॉक्टर या आजाराला सीओपीडी म्हणतात. गावात त्यालाही दमाच म्हणतात. फरक असा, की दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधानं बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक कोषांच्या भिंती झिजून त्यांचा ताण जातो. वापरून सैल पडलेल्या फुग्यासारखी अवस्था होते, हवा आत जाते पण पुरती बाहेर पडत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगातले सुमारे ३०० कोटी लोक लाकूड, गोवऱ्या, पिकांची धसकटं यांच्या धुरात राहतात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. तोवर पाठ्यपुस्तकांत या आजाराचा धनी एकच होता, तंबाखू. भारतात १९९० साली सीओपीडीचे अंदाजे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ साली ते ५.५ कोटी झाले.

हा आजार बरा होत नाही. पंप, व्यायाम, लसी आणि धुरापासून दूर राहणं यांच्या आधारानं तो सांभाळायचा असतो. सांभाळायचा म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी छाती ऐकायची, पंप नीट घेता येतो का ते पाहायचं, औषध कमी-जास्त करायचं. मार्च २०२० मध्ये नेमकं हेच थांबलं.

मुक्ताईनगरचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर ते किती अवघड होतं हे कळतं. तालुका जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर, दुसऱ्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर, तिसरीकडे भुसावळ. छातीचा तज्ज्ञ डॉक्टर हवा तर जळगाव, म्हणजे साठ किलोमीटरच्या आसपास. टाळेबंदीत राज्याची हद्द बंद, जिल्ह्याची हद्द बंद, एसटी बंद, आणि गाडी असली तरी ई-पास हवा. त्या वर्षी मुक्ताईची पालखीसुद्धा पायी निघाली नाही. एरवी महिनाभर चालत पंढरपूर गाठणाऱ्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीनं गेल्या. जळगावचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. त्यात जून २०२० मध्ये तिथल्या स्वच्छतागृहात एक बेपत्ता वृद्ध रुग्ण मृतावस्थेत सापडली, आणि ती बातमी जिल्ह्यातल्या प्रत्येक ओट्यावर पोचली. अधिष्ठात्यांवर निलंबनाची कारवाई झाली, व्यवस्था बदलली, पण ‘दवाखान्यात नको’ ही भीती लगेच गेली नाही. धाप लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी ती लागते हे सांगणंच बंद केलं. खोकला आला तर पदर तोंडाशी धरायचा आणि कुणी ऐकलं नाही ना ते पाहायचं. खोकणारा माणूस त्या दिवसांत गावात संशयित ठरत होता.

उरला तो फोन.

आजार फोनवर सांगण्याची कल्पना फोनइतकीच जुनी आहे. बेलला पेटंट मिळालं १८७६ साली, आणि १८७९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये एक हकिगत छापून आली. रात्री एका घरातलं मूल घोगरं खोकत होतं, घरच्यांनी डॉक्टरला फोन लावला, डॉक्टरनं मुलाला फोनजवळ धरायला सांगितलं, खोकला ऐकला आणि तो घटसर्पासारख्या जिवावरच्या प्रकारातला नाही असं सांगून सगळ्यांना झोपायला लावलं. दूरवैद्यकाच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत जुना किस्सा, आणि तोही श्वासाचाच आहे. आपल्याकडे इस्रोनं २००१ पासून उपग्रहाच्या मदतीनं दूरची रुग्णालयं जोडायला घेतली. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी काही जिल्हा रुग्णालयं जोडली गेली, त्यांत खानदेशातलं नंदुरबारही होतं. पण ती सोय दवाखान्यापासून दवाखान्यापर्यंतची होती. रुग्णाच्या खाटेपर्यंत ती पोचत नव्हती.

खाटेपर्यंत पोचायला आडवी होती कायद्याची धास्ती. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याचं प्रकरण आलं. बाळंतपणानंतर पुन्हा दाखल झालेल्या स्त्रीवर डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनांनी उपचार झाले आणि ती दगावली. न्यायालयानं अटकपूर्व जामीन नाकारला. प्रकरण फोनवरच्या सल्ल्यापेक्षा बरंच मोठं होतं, पण डॉक्टरमंडळींनी त्यातून घेतलेला धडा सरळ होता: फोनवर औषध सांगायचं नाही. ही कोंडी फुटली ती २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. त्या दिवशी केंद्रानं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरला फोन, व्हिडिओ किंवा लेखी संदेशावरून तपासायला परवानगी मिळाली, आणि कोणती औषधं कशी देता येतील याच्या याद्या ठरल्या. काही औषधं पहिल्या भेटीतही चालतील पण व्हिडिओवर, काही फक्त जुन्या रुग्णाला त्याच आजारासाठी, आणि मादक किंवा सवय लावणारी मुळीच नाहीत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगून रुग्णाला प्रत्यक्ष दवाखान्यात पाठवायचं. पाठोपाठ १३ एप्रिलला सी-डॅकच्या मोहाली केंद्रानं तयार केलेली ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीवरच्या सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली.

आकडा मोठा आहे. पण फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णाला फोनवर नेमकं काय देता येतं, हा प्रश्न आकड्यानं सुटत नाही. फोनवर छाती ऐकता येत नाही. फुंकून करायची स्पायरोमेट्री होत नाही, आणि ती तर त्या काळात मोठ्या रुग्णालयांतही संसर्गाच्या भीतीनं जवळपास थांबली होती. तेव्हा डॉक्टरांनी जुनी युक्ती काढली: एका श्वासात एकपासून तीसपर्यंत मोजायला लावायचं, आणि रुग्ण कुठे थांबतो ते पाहायचं. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २०१६ साली मांडलेली ही चाचणी महामारीत जगभर पसरली. ऑक्सफर्डच्या प्रा. ट्रिश ग्रीनहाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच सावध केलं, की फोनवरच्या रुग्णांत हिची खातरजमा झालेली नाही, हिच्यावर विसंबू नका. मला त्यांचं पटतं. कुणी ‘सत्तावीस, अठ्ठावीस’ सावकाश म्हणतो, कुणी भराभर. आणि तोंडानं आकडे म्हणायची सवयच नसलेली आजी दहाला थांबली, तर तो दोष फुफ्फुसाचा की शाळेचा?

त्यापेक्षा साधं बोलणं जास्त सांगतं. रुग्ण पूर्ण वाक्य बोलतो की दर दोन शब्दांनी थांबतो? काल जे करत होता त्यातलं आज काय होत नाही? मोघम ‘दम लागतो’पेक्षा ‘परवापर्यंत मोरीपर्यंत जात होते, आज पलंगावरच बसून आहे’ हे वाक्य डॉक्टरला फार मोलाचं आहे. सीओपीडी बळावतो तेव्हा तीन गोष्टी बदलतात: धाप वाढते, बेडका वाढतो, बेडक्याचा रंग पांढऱ्याचा पिवळा-हिरवा होतो. तिन्ही फोनवर सांगता येतात. रंगाचा तर फोटो पाठवता येतो, आणि त्यात लाजायचं काही कारण नाही. पाय सुजले आहेत का, झोप जास्त येते का, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो का, हेही विचारावं लागतं. कारण हवा पुरती बाहेर पडली नाही की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची पहिली खूण अनेकदा सुस्ती असते. घरच्यांना वाटतं, चला, आज शांत झोप लागली! व्हिडिओ असेल तर गळ्याच्या शिरा-स्नायू ताणले जातात का, ओठ निळसर आहेत का, मिनिटाला किती श्वास होतात, एवढं दिसतं. तेवढ्यावर ‘घरीच थांबा’ की ‘१०८ ला फोन करा’ हे बहुतेकदा ठरवता येतं.

आता त्या यंत्राकडे येऊ, ज्याचं नाव २०२० पूर्वी खेड्यात कुणाला ठाऊक नव्हतं आणि २०२१ मध्ये ज्याच्यासाठी औषधाच्या दुकानापुढे रांगा होत्या. ऑक्सिमीटर. त्याचं तत्त्व जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलं. ऑक्सिजन वाहणारं रक्त आणि रिकामं रक्त लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. बोटातून दोन्ही प्रकाश पलीकडे जाताना नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक किती शोषले गेले यावरून टक्केवारी निघते. सुई नाही, रक्त नाही. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, त्यांचं यंत्र जगभर घराघरात जाऊ लागलं तेव्हाच.

यंत्र चांगलं, पण त्याच्या खोडी आहेत. बोट गार असेल, नखाला पॉलिश असेल, हात हलत असेल, तर आकडा भरकटतो. बोट चिमट्यात घातल्या घातल्या दिसलेला आकडा वाचायचा नाही. पाच मिनिटं बसून, मग मिनिटभर यंत्र लावून स्थिरावलेला आकडा घ्यायचा. काळ्या त्वचेवर ते थोडं जास्त दाखवतं, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं ठळक केलं. यंत्रात ९२ ते ९६ दिसत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघालेले कृष्णवर्णीय रुग्ण जवळपास १२ टक्के होते, गोरे रुग्ण ४ टक्क्यांहून कमी. उन्हातान्हात राबून रापलेल्या खानदेशी हातांबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही, पण यंत्राच्या आकड्याला देववाणी मानू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

सगळ्यात मोठी गफलत मात्र यंत्राची नव्हती, ती आकड्याची होती. महामारीत ९४ ही रेघ सगळ्यांच्या तोंडी झाली. तिच्याखाली आकडा गेला की घाबरायचं. राज्याच्या आरोग्य विभागानं २०२१ मध्ये सहा मिनिटं घरात चालायची चाचणी सांगितली. चालल्यावर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त टक्क्यांनी उतरला तर दवाखाना गाठायचा. दम्याच्या रुग्णांनी ती करू नये, अशी सूचनाही सोबत असे, पण फिरत फिरत येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांत ती ओळ गळायची. निरोगी फुफ्फुसांसाठी या रेघा ठीक होत्या. वर्षानुवर्षं सीओपीडी असलेल्या कित्येक माणसांचा रोजचा, बऱ्या दिवसातला आकडा ९० किंवा ९१ असतो. अशा माणसाच्या बोटाला यंत्र लावलं की घरात रडारड. आणि उलटही घडू शकतं: ज्याचा रोजचा आकडा ९६ आहे तो ९३ वर आला तर त्याच्यासाठी ती मोठी घसरण आहे, पण ‘एकच तर कमी आहे’ म्हणून ती सोडून दिली जाते.

म्हणून फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णासाठी दूरच्या उपचाराचं सगळं गणित एका नोंदीवर उभं आहे: बरं असताना त्याचा स्वतःचा आकडा किती. ही नोंद असेल तर फोनवरचा डॉक्टर दोन मिनिटांत निर्णय घेऊ शकतो. नसेल तर जळगावचा काय नि मुंबईचा काय, कोणताही तज्ज्ञ अंधारातच असतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम काढली आणि आशाताई घरोघरी तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. जुने आजार कुणाला आहेत तेही विचारलं गेलं. सीओपीडीच्या रुग्णाचा तो त्या दिवशीचा आकडा एखाद्या कार्डावर लिहून घरातच ठेवला असता, तर पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत तो कागद किती कामाला आला असता! पण मोहीम कोविड शोधण्यासाठी होती, जुना आजार सांभाळण्यासाठी नव्हती.

आकड्याच्या भीतीतून दुसरा धोका निघाला तो ऑक्सिजनचा. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्याला जमलं त्यानं सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर घरी आणला. कोविडच्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन लागू शकतो. सीओपीडीच्या रुग्णाला मात्र तो मोजून द्यायचा असतो, साधारण ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवून. कारण या रुग्णांपैकी अनेकांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, आणि ऑक्सिजन फार झाला तर तो आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या तास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये याची चाचणी झाली. सीओपीडीचा झटका आल्याचा संशय असलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीप्रमाणे जोरात ऑक्सिजन दिला, काहींना मोजून. जोरात दिलेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. २०१० साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. तरीही दहा वर्षांनी घरोघरी मशिनचा काटा ‘जरा वाढव, बरं वाटेल’ म्हणून फिरवला जात होता. डॉक्टरनं ठरवून दिलेला प्रवाह घरच्यांनी आपल्या मनानं वाढवू नये. फोनवरच्या सल्ल्यात हे वाक्य दरवेळी यायला हवं.

खानदेशातच याचं चांगलं उदाहरण घडलं. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. त्यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० पासून, जिल्ह्यात ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभारायला घेतले. दुसऱ्या लाटेत देश सिलिंडर शोधत फिरत होता तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती तिथली ‘ऑक्सिजन नर्स’. ठरावीक रुग्णांमागे एक परिचारिका, जिचं काम फिरून प्रत्येकाचा आकडा पाहणं आणि प्रवाह गरजेपुरता ठेवणं. हेतू ऑक्सिजन वाचवण्याचा होता. पण सीओपीडीच्या माणसाला हवी असते ती नेमकी हीच नजर.

पंपाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल, पण एक गोष्ट इथली आहे. दूरच्या तपासणीत समोरासमोरच्या तपासणीपेक्षाही सरस होऊ शकेल असं एकच काम आहे, आणि ते म्हणजे पंप कसा घेतला जातो ते पाहणं. दवाखान्यात रुग्ण ‘घेतो ना रोज’ म्हणतो आणि विषय संपतो. घरच्या व्हिडिओवर डॉक्टर म्हणू शकतो, ‘काका, पंप आणा बरं, आता माझ्यासमोर घ्या.’ मग दिसतं, की दाबायची आणि ओढायची वेळ जुळत नाही, निम्मं औषध टाळूवर बसतं. दाबायच्या पंपाला श्वास सावकाश ओढायचा, सोबत स्पेसरची नळी असली तर उत्तम. कॅप्सूल घालून ओढायच्या पंपाला श्वास जोरात आणि खोल. दोन्हींत आधी श्वास पूर्ण सोडायचा, नंतर दहापर्यंत रोखायचा आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरायची. हे उलटसुलट करणारे रुग्ण सगळीकडे आहेत. महामारीत अनेकांनी पंप सोडलाही, कारण स्टेरॉइड आणि काळी बुरशी यांची नावं एकत्र कानावर पडत होती. बुरशीच्या मागे होती मधुमेहासोबत मोठ्या मात्रेत घेतलेली गोळ्या-इंजेक्शनांची स्टेरॉइडं, मिलिग्रॅममध्ये मोजायची. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, हजारांश हिशेबात. उलट ऑक्सफर्डच्या २०२१ च्या एका छोट्या चाचणीत कोविडच्या सुरुवातीला पंपातलं ब्युडेसोनाइड घेतलेल्यांना तातडीच्या उपचारांची गरज कमी पडली.

एवढं सगळं वाचून वाटेल, की घराघरात यंत्र बसवावं, आकडे आपोआप डॉक्टरकडे जावेत, झालं काम. हा प्रयोग महामारीच्या आधीच झाला आहे. स्कॉटलंडच्या लोदियन भागात सीओपीडीच्या २५६ रुग्णांवर. निम्म्यांच्या घरी रोज माहिती पाठवणारी यंत्रणा दिली, निम्म्यांना नेहमीचीच चांगली देखभाल. २०१३ साली निष्कर्ष आला: यंत्रणेमुळे दवाखान्यात दाखल होणं लांबलं नाही. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही, तो शहाणपणाचा वाटतो. फरक पडतो तो आकडा पाहून काय करायचं हे घरात आधीच ठरलेलं असण्यानं, आणि पलीकडे रुग्णाला ओळखणारं माणूस असण्यानं. व्यायामाच्या बाबतीत दूरचा मार्ग खरोखर चालतो. फुफ्फुसाच्या रुग्णांना शिस्तीनं चालवणारा, हातापायांची ताकद वाढवणारा कार्यक्रम फोन-व्हिडिओवरून घेतला तर त्याचा गुण केंद्रात जाऊन घेतल्यासारखाच येतो, असं २०२१ च्या कोक्रेन आढाव्यात दिसलं. पुण्याजवळच्या वढू इथं गावपातळीवर काम करणारं केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर २०१७ पासून एडिनबरा विद्यापीठाच्या ‘रेस्पायर’ या श्वसनारोग्य प्रकल्पात आहे, तेव्हा हे ज्ञान आपल्यापासून फार लांबही नाही.

महामारीनं एक चकित करणारी गोष्टही दाखवली. २०२० मध्ये अनेक देशांत सीओपीडी बळावून दाखल होणाऱ्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. त्यात भीतीनं दवाखाना टाळणारेही होतेच. पण मास्क, गर्दी नाही, सर्दी-पडशाचे विषाणू कमी, हवेत धूळ-धूर कमी, यांचाही वाटा होता. बीजगणितासारखं सिद्ध करता येणार नाही, तरी थंडीत मळणीच्या वेळी आणि एसटीत तोंडावर रुमाल बांधायला या लोकांना आता कुणी हसू नये. घरात मात्र धूर तसाच राहिला तर रुमालाचा काय उपयोग? टाळेबंदीत उज्ज्वला योजनेच्या लाभार्थ्यांना तीन सिलिंडर मोफत मिळाले. ते संपल्यावर किती घरांत पऱ्हाट्या परत आल्या, हे आशाताईंना विचारा.

आणि एक विसंगती राहून राहून खटकते. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या, जुने आजार असलेल्यांना कोविडची लस मिळू लागली. त्या आजारांच्या यादीत श्वसनाचा गंभीर आजार होता, पण अट अशी: दोन वर्षांत त्यासाठी दवाखान्यात दाखल झालेलं असावं, किंवा फुंकण्याच्या चाचणीत क्षमता ५० टक्क्यांखाली असावी. जी चाचणी तालुक्यात मिळत नाही आणि शहरात तेव्हा बंद होती, तिचा कागद आणायचा कुठून? चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या पन्नाशीच्या बाईकडे तो असणं शक्यच नव्हतं.

या बाईचा विचार केला की दूरच्या उपचाराची खरी मर्यादाही दिसते. स्मार्टफोन तिचा नसतो, मुलाचा किंवा नातवाचा असतो, आणि तो दिवसा केळीच्या बागेत नाहीतर भुसावळला कामावर असतो. डोलारखेडा, चारठाण्याकडच्या जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नाही. व्हिडिओवर बोलताना मागे सून, सासू, शेजारीण उभी असते, आणि मग ‘रात्री झोप लागत नाही, जीव घाबरतो’ हे ती बोलत नाही. या अडचणीवर सध्या असलेला सर्वांत बरा तोडगा म्हणजे गावातलं उपकेंद्र, आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना गावात सीएचओ म्हणतात, ई-संजीवनीवरून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी जोडून देतात. रुग्णाजवळ एक शिकलेलं माणूस बसलेलं असतं, स्टेथोस्कोप असतो, ऑक्सिमीटर असतो. निव्वळ फोनपेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची. घरी ऑक्सिमीटर घ्यायचा तर तोही आता आवाक्यात आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, तापमापक अशा पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली.

पण सल्ला मिळाला आणि औषध मिळालं नाही, तर त्या सल्ल्याला अर्थ नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, टायोट्रोपियम ही श्वासातून घ्यायची औषधं आहेत. तरी चिठ्ठी घेऊन माणूस तालुक्याच्या मेडिकलवर जातो, पदरचे पैसे मोजतो आणि दोन महिन्यांनी परवडत नाही म्हणून खोकल्याच्या बाटलीवर येतो. तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या आरोग्य मंदिरात दम्याचा पंप मिळतो का, स्पेसर मिळतो का, आणि मिळत नसेल तर मागणी कधी नोंदवली? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.